विंचरलेले केस

सरकारी कचेरीत अर्ज पडून राहतो याची आपल्याला सवय आहे. पण परोपकारासाठीच उघडलेल्या, गार हवेच्या आणि काचेच्या कचेरीतही अर्ज तसाच पडून राहतो असं कोणी सांगितलं, तर आपण मान हलवून म्हणतो, छे, तिथे तसं नसेल. पराग सोमणलाही नोकरी लागली तेव्हा असंच वाटलं होतं.

सुरतेच्या रिंग रोडवर एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर त्याची संस्था होती. मुख्य कार्यालय लंडनला आणि काम बावीस देशांत. काम कसलं, तर कष्टकऱ्यांच्या मुलांचं भलं करण्याचं. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर बावीस देशांतल्या बावीस मुलांचे मोठमोठे फोटो होते. त्यांतलं एकही मूल हसत नव्हतं. पराग पाच वर्षं त्या भिंतीसमोरून ये-जा करत होता, पण ही गोष्ट त्याच्या कधी लक्षात आली नव्हती.

त्याचा अर्ज अगदी साधा होता. सुरतेच्याच बमरोली भागातल्या एका गल्लीत बायकांनी स्वतःच्या हिमतीवर एक पाळणाघर चालवलं होतं. एका खोलीत एकवीस मुलं. शेजारची खोली रिकामी होती, तिला खिडकी होती, नळ होता. ती या बायकांना भाड्याने घेऊन द्या, एवढंच परागचं म्हणणं. दोन वर्षांत त्या अर्जाला अकरा उत्तरं आली आणि प्रत्येक उत्तरात नवा प्रश्न निघाला. पाळणाघराचं यश मोजायचं कसं? हाच नमुना दुसऱ्या देशात नेता येईल का? एकदा तर लंडनहून विचारणा झाली की, या महिलांना नेतृत्वाचं प्रशिक्षण दिलेलं आहे काय!

नेतृत्वाचं प्रशिक्षण, आणि ते सरलाबाईंना!

सरलाबाई मूळच्या पारोळ्याकडच्या. तीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागोमाग सुरतेला आल्या. नवरा कापड विणायच्या लूमवर बारा-बारा तास उभा राहायचा आणि गल्लीतल्या इतर बायकांसारख्या सरलाबाई घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवायच्या. व्यापाऱ्याचा माणूस साड्यांचं गाठोडं टाकून जातो, त्याला इथे पोटलं म्हणतात. चार-सहा दिवसांत काम पुरं करून ते परत द्यायचं. डिंकाची बाटली, चमकत्या खड्यांची ताटली, आणि त्यातच रांगणारं पोर. हातात येईल ते तोंडात घालणारं.

यावर सरलाबाईंनी एक तोड काढली. गल्लीतल्या चौदा आया एकत्र केल्या आणि प्रत्येकीला आठवड्यातला एक वार ठरवून दिला. रोज दोघींनी खोलीवर बसायचं आणि सगळ्यांची मुलं सांभाळायची. त्या दोघींचं काम बुडतं, तर बाकीच्या बारा जणींनी आपल्या पोटल्यातली एकेक साडी त्यांच्या नावाने चिकटवायची. बस्, एवढंच. पगार नाही, पावती नाही, नोकर नाही. गावाकडे शेतकरी एकमेकांच्या शेतात सावड करतात, तशीच ही सावड, फक्त शेताऐवजी लेकरांची. नऊ वर्षं हे चाललं होतं. “आज कोणाचा वार?” असं गल्लीत कोणालाही विचारावं, शेंबडं पोरही सांगायचं.

हे सगळं सरलाबाईंनी का सुरू केलं ते त्यांनी परागला एकदाच सांगितलं होतं. त्यांची वत्सला दीड वर्षाची होती. तिला खोलीत ठेवून, बाहेरून कडी लावून सरलाबाई पोटलं परत द्यायला गेल्या होत्या. खोलीत पाण्याचं पिंप होतं. एवढं सांगून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, हे तुमच्या कागदात लिहू नका बरं.” परागने लिहिलं नाही. तोवर तो बरा माणूस होता.

मग एके दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. संदीपसर सुरत कार्यालयाचे प्रमुख, मूळचे नाशिकचे, बोलण्यात मोठे गोड.

“पराग, नशीब उघडलं तुझं! यंदा मॅडम सुरतला येतायत. जागा तुझी. ते तुझं पाळणाघर.”

या मॅडमचं नाव मी इथे घेत नाही. एकीचं घेतलं तर बाकीचे सगळे सुटल्यासारखे खूश होतील. एक मोठी सिनेनटी आणि संस्थेची सदिच्छादूत, एवढं कळलं तरी पुरे. वर्षातून एकदा कुठल्यातरी देशातल्या गरीब वस्तीत त्या दोन तास जायच्या, तिथे एक फिल्म बनायची आणि ती जगभर फिरायची.

“पण सर, तिथे त्यांना दाखवण्यासारखं काय आहे? एक खोली आणि झोळ्या.”

“अरे, काही नाही हेच तर दाखवायचंय!” संदीपसर हसले. “आणि ऐक. मॅडम येऊन गेल्या की तुझी ती शेजारची खोली एका दिवसात मंजूर. माझा शब्द.”

दोन वर्षं आणि अकरा उत्तरं यांपुढे हा एक शब्द परागला गोड लागला. तो त्याच दुपारी बमरोलीला गेला.

“बाई येऊन करतील काय?” सरलाबाईंनी विचारलं.

“बघतील, बोलतील. त्यांचं लाखो लोक ऐकतात, सरलाबाई.”

“आमचं तुमच्या एका सायबाने दोन वर्षांत ऐकलं नाही. लाखो लोक ऐकून काय करू राहिले?”

“खोली मिळेल,” पराग म्हणाला.

सरलाबाईंनी शेजारच्या दाराला लागलेल्या कुलपाकडे पाहिलं. “मग येऊ द्या. पाव्हण्याला नाही कसं म्हणायचं?”

पाहुणा येणार म्हटल्यावर त्या गल्लीने काय केलं ते ऐका. सकाळी सहालाच नळावर पोरांची रांग लागली. एकवीसच्या एकवीस मुलांना न्हाऊमाखू घातलं, डोक्याला तेल चोपडलं, भांग पाडले, काजळ घातलं. योगिताने आपल्या अडीच वर्षांच्या ताराच्या इवल्या केसांच्या दोन शेंड्या बांधून त्यांना लाल फिती लावल्या. योगिता सगळ्यांत तरणी, तिचा नवरा लोटू लूमवर. ती सरलाबाईंना मावशी म्हणे.

आणि मग मांडव! त्यांच्या गावाकडे मानाचा पाहुणा यायचा असला की मांडवाला आतून घरातल्या चांगल्या साड्यांचं छत बांधतात. पण या बायकांच्या घरातल्या चांगल्या साड्या त्या केवढ्या? विटलेल्या, विरलेल्या. त्या आठवड्यात मात्र जयंतीभाई शेठचं पोटलं आलं होतं. लग्नसराईचा माल. डाळिंबी रंग, काठाला हिरव्या खड्यांचे मोर, आणि ते मोर या बायकांनीच एकेक खडा लावून उभे केलेले.

“मावशी, याच बांधूत ना! घडीभरमा सोडी लेसूत,” योगिता म्हणाली.

सरलाबाई क्षणभर घुटमळल्या. नवी डिझाइन बाजारात उतरेपर्यंत घराबाहेर दिसू द्यायची नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. सुरतेत एका डिझाइनची नक्कल व्हायला चार दिवस लागत नाहीत. पण आपलीच गल्ली, घटकाभराचा प्रश्न, आणि पाहुणा. त्या हो म्हणाल्या. चूक झाली ती इथे. हिशेबी माणसाने ही चूक केली नसती. पाहुण्याला आपल्या फाटक्या साडीखाली उभं करायची ज्याला लाज वाटते, त्याच्याच हातून ती होते.

मॅडम ठरल्यापेक्षा लवकर आल्या. गाडीतून उतरल्या, वर पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “वाव! सो ब्यूटिफुल!” त्यांनी पटकन स्वतःचा फोन काढला, छताखाली उभं राहून हात लांब केला आणि फोटो घेतला. त्या दिवसात त्यांनी मनापासून केलेली ती एकच गोष्ट.

पराग तिथेच उभा होता. तो सुरतेत जन्मला, सुरतेत वाढला. तो फोटो बाहेर गेला तर काय होईल, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. “मॅडम, एवढा फोटो टाकू नका,” इतकं म्हणायला किती वेळ लागतो? पण मॅडमना टोकायचं कसं? तो गप्प राहिला.

मागोमाग मुंबईहून आलेला दिग्दर्शक गल्लीत शिरला आणि त्याने कपाळावर हात मारला. “ये क्या है यार? शादी का सेट लग रहा है!” मांडव खाली आला. मग त्याची नजर मुलांवर गेली. तेल लावलेली, भांग पाडलेली, खिदळणारी मुलं बघून तो आणखीनच वैतागला. त्याच्याबरोबरच्या एका मुलीने डबीतून मातकट पावडर काढली. एकेका मुलाला पुढ्यात घेऊन तिने केस विस्कटले, काजळ बोटाने गालांवर फिस्कटलं. “हसना नहीं, हां? जो नहीं हसेगा उसको चॉकलेट!” ताराच्या दोन्ही फिती सुटल्या. योगिताने परागकडे पाहिलं. पराग फोनमध्ये काहीतरी शोधत होता.

सरलाबाईंना झोळीशेजारी बसवलं. त्यांनी वारांची पद्धत सांगितली, एकेक साडी दुसरीच्या नावाने चिकटवण्याचं सांगितलं, अगदी ताठ मानेने. पराग मॅडमना इंग्रजीत सांगत होता. मॅडम मान डोलवत होत्या, पण डोळे कोरडे होते. दिग्दर्शक परागच्या कानाशी लागला, “इमोशन नहीं आ रहा. इनकी कोई स्टोरी नहीं है क्या? कोई ट्रॅजेडी?”

कुलूप लागलेलं शेजारचं दार परागच्या नजरेसमोर होतं. आणि त्याने सांगितलं. वत्सला, कडी, पिंप, सगळं. इंग्रजीत सांगितलं, सरलाबाईंच्या देखत आणि त्यांना कळणार नाही अशा भाषेत.

मॅडमचे डोळे भरून आले. त्या उठल्या आणि त्यांनी सरलाबाईंना घट्ट मिठी मारली. कॅमेऱ्याने ती मिठी तीन बाजूंनी टिपली. सरलाबाई बावचळून परागकडे बघत राहिल्या.

“बाई का बरं रडू राहिल्या?” त्यांनी विचारलं.

“तुमचं काम बघून,” पराग म्हणाला.

दहा दिवसांनी फिल्म आली. कचेरीत सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. चार देशांतल्या चार वस्त्या, तीन मागच्या वर्षांतल्या आणि चौथी बमरोली, सगळ्या सारख्याच काळपट, सगळी मुलं सारखीच विस्कटलेली. बमरोली कुठे संपते आणि आफ्रिकेतलं ते गाव कुठे सुरू होतं हे कळू नये अशी केलेली. वारांची गोष्ट फिल्ममध्ये नव्हती. पराग बघत होता, तेवढ्यात त्या आफ्रिकेतल्या रडवेल्या मुलाच्या मागे, कोपऱ्यात, त्याला एक फळी दिसली. फळीवर घासूनपुसून पालथे घातलेले पेले एका ओळीत होते. लहान लहान, बरेच. म्हणजे तिथेही कोणी सरलाबाई होती! तिचंही बोलणं कोणीतरी इंग्रजीत करून सांगितलं असेल. टाळ्या चालू होत्या, म्हणून परागनेही वाजवल्या.

गल्लीने ती फिल्म लोटूच्या फोनवर पाहिली. खाली हिंदीत अक्षरं येत होती, लोटू ती मोठ्याने वाचून दाखवत होता. “बेटी वत्सला की मौत...” इतकं वाचून तो थांबला. सरलाबाई उठल्या आणि आत गेल्या. पारोळ्याहून त्यांच्या भावाचा फोन आला, लेकरं अशी उघडीनागडी ठेवता का तुम्ही तिथे? योगिताच्या सासूने विचारलं, पोरीचे केस विंचरायलाही तुला होत नाही का?

हे सगळं कदाचित पोटात घालता आलं असतं. पण मॅडमनी मांडवाखालचा तो फोटोही टाकला होता आणि तो फिल्मच्या आधीच कोट्यवधी लोकांनी पाहिला होता. त्यात कापड मार्केटमधले लोकही होते. आठवड्याच्या आत डाळिंबी रंग आणि हिरवे मोर सहा दुकानांत झळकले. जयंतीभाईंची लग्नसराई बुडाली. त्यांचा माणूस टेम्पो घेऊन आला, होती ती सगळी पोटली अर्धीमुर्धी उचलून घेऊन गेला. “शेठने ना पाडी छे. हवे आ गलीमां काम नहीं.” आता काम बंद, एवढंच बोलला. बातमी मार्केटभर झाली आणि दुसरा कोणी व्यापारीही या गल्लीला काम देईना.

परागने संदीपसरांना खोलीचं विचारलं. “अरे, फिल्म इतकी चालली की लंडनने सगळा प्लॅनच बदलला. आता जागतिक मोहीम करायची आहे. खोली वगैरे फार लोकल विषय झाला.”

गल्लीत मात्र माणसांची रीघ लागली. फिल्म पाहून लोक येत होते, महिनाभर येत होते. कोणी कॉलेजचे, कोणी क्लबचे, कोणी आपलं चॅनेल चालवणारे. मुलांना उभं करत, “जरा सॅड फेस, बेटा” म्हणत, फोटो काढत आणि बिस्किटं वाटून निघून जात. त्यांच्यापैकी कोणी वाईट नव्हतं हो! तुमच्या-आमच्यासारखेच होते सगळे.

काम गेल्यावर बायका काय करणार? कोणी पांडेसऱ्याच्या कारखान्यात लागली, कोणी सचिन गावच्या कारखान्यात साड्या घडी करायला. तिथे बारा तास भरावे लागतात आणि “आज माझा वार आहे” असं मुकादमाला सांगता येत नाही. एकेक वार रिकामा पडत गेला. सरलाबाईंनी एकटीने तीन आठवडे एकवीस मुलं ओढली आणि मग त्या तापाने आडव्या झाल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा पाळणाघराला कुलूप लागलं.

योगिता ताराला घेऊन कारखान्यात जाऊ लागली. तिथे तापलेल्या दाबयंत्राने साडीवर खडे बसवत. तारा टेबलाखाली बसून खेळायची. एके दिवशी ती चमचमणारे खडे बघून उठली आणि तिने यंत्रावर हात ठेवला.

पराग सरकारी दवाखान्यात पोचला तेव्हा ताराचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. योगिता भिंतीला टेकून बसली होती. सरलाबाई ताप अंगात असताना आल्या होत्या. “तारा, हात दखाड मावशीले,” त्या म्हणत होत्या आणि तारा हात मागे लपवत होती.

परागचा फोन वाजला. संदीपसर होते.

“पराग, ऐकलं मी. फार वाईट झालं. तू तिथेच आहेस ना? पोरीचा एक फोटो काढून पाठव. पट्टी दिसली पाहिजे, चेहराही. मॅडमच्या मिठीच्या फोटोत ती शेजारीच आहे, लंडनने ओळखलं तिला! आधी आणि नंतर, विचार कर. मॅडम आज संध्याकाळीच टाकायला तयार आहेत.”

“सर, तिचा हात भाजलाय.”

“म्हणूनच तर!”

म्हणूनच तर! हात भाजला म्हणून फोटो! आणि हात भाजला कशामुळे? पाळणाघर बंद पडलं म्हणून. पाळणाघर बंद कशामुळे पडलं? एका फोटोमुळे! आणि त्या फोटोच्या वेळी आपण तिथेच उभे होतो, तोंड शिवून! त्याला एकदम कचेरीतली ती भिंत आठवली. बावीस देश, बावीस मुलं, आणि एकही हसणारं नाही. त्यांतल्या कितींचे केस त्या दिवशी सकाळी आईने विंचरले असतील?

“नाही,” तो म्हणाला.

“काय नाही?”

“फोटो मिळणार नाही! मी दाराशी उभा आहे, सर. दुसऱ्या कोणाला पाठवलंत तर त्यालाही काढू देणार नाही!” त्याने फोन बंद केला.

सरलाबाई बघत होत्या. त्या आता पाठीवर हात ठेवतील असं परागला वाटलं असेल. त्यांनी ठेवला नाही.

“एक फोटो काढला नाही म्हणून मोठं काम केलं असं समजू नका, परागभाऊ. वत्सलाचं नाव मी तुम्हाला सांगितलं होतं, त्यांना नाही.”

पराग मान खाली घालून म्हणाला, “मला वाटलं होतं, खोली मिळेल.”

“तुमच्या त्या बाईवर माझा राग नाही. ती आली, रडली, गेली. तिला काय ठाऊक? पण तुम्ही दोन वर्षं आमच्या दारात बसून चहा प्यायला. चौदा बायका एकेक साडी दुसरीच्या नावाने चिकटवत होत्या, त्यावर एकवीस लेकरं वाढत होती. त्याला टाळी नव्हती, पण ते चालू होतं. हे तुम्हाला दिसत होतं. ज्याला दिसत होतं त्यानेच डोळे मिटले, तर मी लंडनवाल्याला काय बोलू?” त्यांनी ताराच्या केसांवरून हात फिरवला. “आम्ही गरीब आहोत, भाऊ, खोटं कशाला बोलू? पण आम्ही नुसते गरीब नव्हतो. तेवढंच ठेवलं तुम्ही आमचं आणि बाकीचं पुसून टाकलं.”

“मी काय करू आता? सांगा, सरलाबाई.”

“शेठकडे चला. मांडव बांधला ही चूक माझी, ती मी सांगेन. फोटो जाऊ दिला ही तुमची, ती तुम्ही सांगा.”

दुसऱ्या दिवशी कापड मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर, गादीवर बसलेल्या जयंतीभाईंसमोर दोघे उभे राहिले. परागने बावीस देशांच्या परिषदांत भाषणं ऐकली होती, पण “चूक माझी आहे” हे तीन शब्द त्याने कुठे ऐकले नव्हते. ते त्याने उच्चारले. जयंतीभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बेन, मी वीस वर्षं तुम्हाला माल दिला, एक खडा कमी आला नाही. पण डिझाइन गई ते गई. डिझाइनचं काम मी आता देऊ शकत नाही.” बऱ्याच वेळाने त्यांनी माणसाला हाक मारली आणि लेस लावायच्या साध्या साड्यांचं एक पोटलं काढायला सांगितलं. एकच.

त्या एका पोटल्यावर पाच बायका गल्लीत परत आल्या. बाकीच्या नऊ अजून कारखान्यांत आहेत. पाळणाघर उघडलं, पण एकवीसपैकी आठच मुलं तिथे असतात. बाकीची तेरा कुठे असतात हे पराग विचारत नाही. सुरतेतल्या अशा गल्ल्यांतून दुपारी चालत गेलं तर बाहेरून कड्या लावलेली दारं दिसतात, आतून आवाजही येतात.

परागने लंडनला सहा पानी पत्र लिहिलं, सगळं खरं खरं. उत्तर आलं, “आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.” मार्चमध्ये त्याच्या नोकरीचा करार संपला, नवा झाला नाही. मोहीम मात्र जोरात झाली. दुसऱ्या कुठल्यातरी देशात दुसऱ्या कोणाचातरी हात फोटोला मिळाला.

हो, संस्थेकडून गल्लीला एक वस्तू आली. मॅडमचा हसरा फोटो आणि संस्थेचं नाव असलेला मोठा पत्र्याचा फलक, दाराशी लावण्यासाठी. खोलीची फरशी ओल धरते. सरलाबाईंनी तो फलक पालथा टाकला, वर गोधडी अंथरली, आणि आता रांगती मुलं त्यावर बसतात. इतकी वर्षं अर्ज केले त्याचा हा एवढा उपयोग झाला.

पाच बायकांचे पाच वार झाले आणि शनिवार सरलाबाईंचा. राहिला रविवार. कारखाने रविवारीही चालतात. “रविवार तुमचा, परागभाऊ,” सरलाबाईंनी सांगून टाकलं. त्या अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलतात.

पहिल्या रविवारी पराग सकाळी सातला खोलीवर हजर झाला. आठ मुलं, दोन झोळ्या. नऊच्या सुमारास त्याचं बस्तान बसलं. तारा त्याच्या पुढ्यात येऊन बसली. तिची पट्टी निघाली होती, दोन बोटं आखडून एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती, पण डाव्या हाताने ती वाटी आपटत होती आणि सगळी मुलं खदाखदा हसत होती. लाल फिती लावलेल्या तिच्या दोन शेंड्या उडत होत्या.

किती वाजले ते बघायला परागने खिशातून फोन काढला.

खोली एकदम गप्प झाली. मुलांचं हसणं थांबलं. मोठी चार मुलं उठून भिंतीशी एका ओळीत उभी राहिली आणि त्यांनी तोंडं पाडली. ताराने वाटी खाली ठेवली. आखडलेल्या बोटांनी तिने एक फीत ओढून काढली, मग दुसरी, केस कपाळावर विस्कटून घेतले आणि दुसरा हात पुढे केला, बिस्किटासाठी.

परागने फोन बंद करून पिशवीत टाकला, पिशवी खुंटीवर टांगली आणि फणी शोधली. ताराला मांडीवर घेऊन तो तिचे केस विंचरू लागला. त्याला नीट जमत नव्हतं. भांग तीनदा वाकडा आला.

नागरिकहो, ही गोष्ट एका नटीची नाही आणि एका संस्थेचीही नाही. फोनवर असं एखादं विस्कटलेलं मूल समोर आलं की आपल्याला हळहळ वाटते, आपण अंगठा दाबतो आणि आपलं कर्तव्य झालं असं समजून चहाचा कप उचलतो. त्या मुलाच्या मागे, चित्रात न घेतलेली एक बाई असते. ती कित्येक वर्षं काहीतरी चालवत असते आणि तिला काय हवंय हे तिला नेमकं ठाऊक असतं. मदत करायची असेल तर आधी तिला जाऊन विचारावं, ती सांगेल तेवढंच करावं आणि तिने विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवावं. हे जमत नसेल तर घरी बसावं. परागला हे कळलं, पण त्याची किंमत ताराच्या दोन बोटांनी दिली. आज रविवार आहे, तो खोलीवर असेल. तारा अजूनही कोणी खिशात हात घातला की आधी आपल्या फितीला हात लावते.